डाव्या कानामागे

"बाबा विनोद सांगायला लागले ना ताई, की समज आत काहीतरी बिनसलंय. तेव्हा फोन ठेव आणि आधी त्यांच्याकडे जा."

धाकटीनं हे हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं होतं. थोरलीनं ते हसण्यावारी नेलं. बाबा आणि विनोद! 'न बोलणारे सलूनवाले' अशीच बाजारात त्यांची ख्याती. लोक त्यांच्याकडे केस कापायला कमी आणि डुलकी काढायला जास्त यायचे.

आज दुपारी बाबांचा फोन आला. "एक टकलू कंगवा विकत घ्यायला जातो..." एवढं बोलून ते स्वतःच हसत सुटले. पुढचं सांगितलंच नाही.

थोरलीनं गॅस बंद केला, तीन वर्षांच्या चिमणीला कडेवर घेतलं आणि निघाली. पोरीच्या एकाच पायात चप्पल आहे, हे तिला रस्त्यात कळलं.

सलूनमध्ये समोरच्या दुकानातला शिंपी तोंडाला फेस लावून बसला होता. बाबा मोठमोठ्यानं काहीबाही सांगत होते. त्यांची बोटं मात्र शिंप्याच्या कानाखाली, जबड्यामागे, थेट कॉलरच्या आत फिरत होती. थांबत, दाबत, पुढे सरकत.

"अहो, दाढी करताय की माझी हरवलेली सुई शोधताय?" शिंपी वैतागला.

आरशात थोरली दिसली तशी बाबांनी बोटं मागे घेतली. चार हात मारून दाढी उरकली. शिंपी गाल चोळत गेला.

चिमणी नेहमीसारखी खुर्चीवर चढली. बाबांचा हात तिच्या मानेकडे गेला. थोरलीनं तो वरच्यावर धरला.

"बाबा, काय शोधताय?"

त्यांनी वस्तरा उगाच धुतला. पुसला. परत धुतला.

"धाकटीची गाठ पहिल्यांदा माझ्या हाताला लागली होती," ते म्हणाले. "याच खुर्चीत. केस कापताना. वाटाण्याएवढी. मी म्हटलं, सर्दीची असेल, पोरीला कशाला घाबरवा? पुढच्या वेळी कापायला बसली तेव्हा गाठ मोठी झाली होती. तरी मी..."

"तिला ठाऊक होतं, बाबा."

त्यांनी वर पाहिलं.

"तुमचा हात त्या दिवशी थांबला होता, हे तिला नंतर आठवलं. मला म्हणाली, देवानं वर्दी आधी बाबांच्या बोटांना दिली. बोटं बिचारी मुकी. त्यांना काय बोल लावायचा?"

धाकटी असंच बोलायची. औषधांनी केस गळायला लागले तेव्हा आपणहून या खुर्चीत येऊन बसली होती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "हं बाबा, चालवा मशीन. वरून परवानगी काढलीय." मशीन दोनदा खाली ठेवलं ते बाबांनी. तिनं मान तसूभर हलवली नाही. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वाटते की. अंधारात कुणाचा तरी हात धरून चालताना वाटते, तेवढी." अगदी शेवटीसुद्धा देवाशी तिचं भांडण नव्हतं. "भेटल्यावर दोन-चार प्रश्न विचारणार आहे," एवढंच.

थोरलीला वाटलं होतं, हे ऐकून बाबा रडतील, मोकळे होतील. बाबा खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले.

"मुकीच आहेत गं अजून," ते म्हणाले. "मघाशी एक ट्रकवाला आला होता. परगावचा, तरणा. डाव्या कानामागे मशीन फिरवताना लागली. तशीच. दाबली तरी दुखत नव्हती त्याला. माझा हात थांबला. तो म्हणाला, काय झालं काका? आणि मी त्याला विनोद सांगितला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पुढं कापवेना. तेवढा भाग तसाच सोडला. तो हसत हसत गेला."

"कधी?"

"तुला फोन केला, त्याच्या जरा आधी."

थोरलीची बोटं नकळत चिमणीच्या मानेवर गेली होती. गुदगुल्या होऊन चिमणी खिदळली. थोरलीनं तिला उचललं आणि ट्रकवाल्याला शोधायला रस्त्याकडे पळत सुटली. मागून बाबा, अंगात एप्रन, हातात कंगवा.

"पिवळ्या केबिनवाला? शिट्टी वाजवत होता, तो?" पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला. "टाकी भरून गेला की. कुठं म्हणाल तर वाऱ्याला विचारा."

रस्त्यानं गाड्या चालल्या होत्या. पिवळी एकही नव्हती. आणि ज्यांचा आवाज कधी शेजारच्या दुकानात गेला नव्हता ते बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून दिसेल त्या ट्रकला हात करत होते. एकानं गाडी थांबवली.

"काय काका, बसायचंय?"

"नाही. पिवळ्या केबिनवाला भेटला तर सांग त्याला," बाबा ओरडले. "कानामागं गाठ आहे म्हणावं. डॉक्टरला दाखव म्हणावं. दुखत नाही म्हणून गप्प बसू नकोस!"

ट्रकवाल्यानं मान हलवली. ऐकू आलं की नाही, कोण जाणे. बाबा पुढच्या गाडीकडे वळले.

तो अजून सापडलेला नाही. तरणा आहे, शिट्टी वाजवतो, ट्रकची केबिन पिवळी आहे. दुसऱ्या कुणी केस सारखे केले की मग ओळखू येणार नाही. आत्ता मात्र डाव्या कानामागचे केस तेवढे लांब राहिलेत. तुमच्या रस्त्याला थांबला तर त्याला हटका. तो हसेल. हसू द्या. पण त्याची मान तेवढी बघा.