सरकारजमा

दुसऱ्या मुलाला नाव ठेवायला कायद्यानं बंदी होती. बिननावाचं मूल सरकारजमा व्हायचं; एकदा नाव पडलेलं मात्र नेता येत नसे. मृदुलाची लेक न्यायला लोकसंख्या खात्याचं माणूस आलं, तेही कोण, तर वर्दीतली सख्खी नणंद!

"वहिनी, बाजूला हो. मी हुकमाची ताबेदार."

"न्या की! पण वन्सं, थोरल्याच्या बारशाला आत्या म्हणून मिरवलात. आता हिच्याही कानात सांगा. तुला सरकारजमा करतेय, म्हणून सांगा!"

नणंद पाळण्यावर वाकली. बराच वेळ उठलीच नाही. मग हलकेच ऐकू आलं, "कुर्रर्र... रेणुका."

आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत. मृदुलानं त्या खाकी पाठीवर सगळा राग काढला.

"आता जा, आणि सांगा साहेबाला," ती रडत ओरडली, "रेणुकाला हात लावून दाखव म्हणावं!"