महिनाभराची मुदत

“ताई, इथं सायकली आल्या तर आम्ही म्हाताऱ्यांनी चालायचं कुठं, ते सांगा ना यांना!” परचुरेकाका ओरडले. बागेतल्या सभेत सायकलवाटेच्या विरोधकांच्या पुढारी कुमुदताईच होत्या.

त्या उठल्या. मतं मोजण्याआधीच आपण हरणार हे दिसत होतं, आणि मंजुरी मिळताच उद्या खोदाई सुरू होणार होती. सायकलवाटेसाठी आखलेल्या पट्ट्यात, खडीवर, त्यांनी सकाळीच टिटवीची अंडी पाहिली होती. पिल्लं निघून चालू लागायला महिना तरी हवा. सभेत सांगितलं, तर सगळे मोबाइल घेऊन धावतील आणि घाबरलेली टिटवी परत अंड्यांवर बसणार नाही.

“माझा विरोध मी मागे घेते,” त्या म्हणाल्या. “फक्त काम महिन्यानं सुरू करा.”

“एवढंच? दिला महिना!” सायकलवाल्यांचा पुढारी मल्हार हसला.

“शोभतं का हे, ताई?” म्हणत परचुरेकाका उठून गेले. रोज सोबत फिरणारी मंडळीही त्यांच्यामागे गेली.

कुमुदताई एकट्याच उरल्या. खडीवर अंग चोरून बसलेली टिटवी उठू नये म्हणून त्या लांबच्या फाटकानं घरी निघाल्या.