केबल धरून बस

वसईतल्या गोखिवऱ्याच्या कारखान्यात मशिनींना जोडणारा नेटवर्कचा नवा स्विच बसवायचा होता. मी केबलने त्याला लॅपटॉप जोडला आणि काळ्या स्क्रीनवर स्विचचा पहिला प्रश्न आला: सुरुवातीचं सेटिंग करायचं का, यस की नो?

"लुसी, तुझं काम संपलं," पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हर्षवर्धन सर म्हणाले. "आता तुझ्या लॅपटॉपवर इथून मी टाइप करणार. कीबोर्डला हात लावायचा नाही."

सरांकडे चार सर्टिफिकेटं आहेत. चारही कॅमेऱ्यात येतील अशी त्यांच्या मागच्या भिंतीवर टांगलेली.

तासाभराने मी म्हटलं, "सर, एकदा सेव्ह करून घ्या ना. यूपीएस अजून आलेला नाही आणि आज शुक्रवार..."

"सेव्ह करायला वार बघता तुम्ही वसईत?" सर हसले. "मी शेवटी एकदाच सेव्ह करतो. तू केबल धरून बस."

बसले.

बरोब्बर दोन वाजता लाइट गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी ती जातेच, हे इथे गेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं.

चार वाजता लाइट आली. स्विच सुरू झाला आणि सरांनी लिहिलेल्या दोनशे ओळी विसरून त्याने पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारला. सहाच्या पाळीला मशिनी चालू व्हायला हव्या होत्या.

"लुसी, मला जरा मीटिंग आहे," सर हळूच म्हणाले. "तूच टाइप करून टाक."

"कसं करू, सर? माझ्या दोन्ही हातांत केबल आहे."