गेटपर्यंतची ड्यूटी

“फुकटचा पास नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच, हेमाताई!” मृणाल हसत म्हणाली. औषधांच्या कारखान्यात कामगारांना बसचे मोफत पास द्यायचं ठरलं होतं आणि ती योजना आखायचं काम मृणालकडे आलं होतं. पॅकिंगमधल्या हेमाताईंनी मात्र पास हातात घेतला आणि तसाच तिच्या टेबलावर परत ठेवला.

“मला आमचे हे सोडतात मॅडम, स्कूटरवरून.”

“अहो, पण बस तुमच्या दारावरून जाते. त्यांनाही जरा निवांत झोपू द्या की!”

हेमाताईंनी मागचं दार लोटून घेतलं. “गिरणी बंद पडल्यापासून झोपूनच असायचे ते. मी इथे लागले, तेव्हा कुठे पुन्हा सकाळी उठून दाढी करायला लागले. शेजारी विचारतात, कुठे निघालात? तर ऐटीत सांगतात, ड्यूटीला. उद्या मी बसने आले, तर ते उठतील कशाला?”

मृणालचं हसू मावळलं. तिने पास खणात टाकला. “मग पासाऐवजी पेट्रोलचा भत्ता देऊ. चालेल?”

“चालेल की.” दारापर्यंत गेलेल्या हेमाताई घुटमळल्या. “त्यांच्या खात्यात जमा होईल का हो?”

कारखान्यातले सगळे भत्ते कर्मचाऱ्याच्याच खात्यात जमा होत. मृणालने संगणकावर योजनेचा मसुदा उघडला.

“यजमानांचं पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली. “नियम अजून मीच लिहितेय.”