डावीकडून दुसरा

"डावीकडून दुसरा, तो माझा मुलगा." फोनवरच्या बाईंनी एवढं म्हटलं आणि हवालदार थिटेचे कान टवकारले.

कमांडोंचा तो फोटो लष्कराच्या प्रसिद्धी कक्षासाठी त्यानेच काढला होता आणि परवाच नेटवर टाकला होता. जवानांचे चेहरे काळ्या फडक्याने झाकलेले होते. नावाच्या पट्ट्या, मागचे डोंगर, सगळं त्याने पुसून टाकलं होतं. तरी ही बाई छातीठोक सांगत होती. आई बनून गोड बोलत माहिती काढणारे असे फोन त्याला नवे नव्हते.

"कशावरून म्हणता?"

"बुटाची नाडी बघा. गाठ मारून टोक उलटं आत खोचलंय. आम्ही कोळी. आमच्या घरात जाळं असंच बांधतात."

थिटेने फोटो मोठा करून पाहिला. खरंच, एकाच जवानाच्या बुटावर तशी गाठ होती. चेहरे झाकण्याच्या नादात पायांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. ही खरी आई असली तरी कबूल करायची सोय नव्हती. आणि नसली तर?

"तुमचा मुलगा या फोटोत नाही, बाई," तो तुटकपणे म्हणाला.



"असंच सांगत राहा, साहेब. आणि तो फोटो आधी काढून टाका. काल दारात एक अनोळखी माणूस आला होता. मोबाइलवर हाच फोटो, त्याच बुटावर बोट. 'हा तुमचाच ना?' म्हणाला. मीही नाहीच म्हणाले."