समोर बसलेल्याला

"अरे, पहिली घंटा झाली आणि नव्या ऑपरेटरचा पत्ता नाही! कॉम्प्युटर चालू आहे, डिस्क लावली आहे. तू घरूनच ती उघडून दे." फोनवर वसुधाताईंचा आवाज चिरकला होता.

नाटकाचं सगळं संगीत त्या डिस्कमध्ये. याच दिग्दर्शिकाबाई गेल्या महिन्यात भर तालमीत म्हणाल्या होत्या, "साउंडच्या खुर्चीत काय, कुणीही चालतं!" मी हेडफोन काढून ठेवले होते आणि सरळ घर गाठलं होतं.

लॅपटॉपवरून नाट्यगृहातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. डिस्क जोडायची कमांड दिली. परवानगी नाकारली. परत दिली, परत तेच. ॲडमिनचा पासवर्ड हवा होता, तो फक्त मॅनेजरकडे, आणि मॅनेजर कुठल्याशा लग्नात, फोन बंद.

मग माझंच मला हसू आलं. पासवर्ड लांबून आलेल्याला विचारतात. समोर बसलेल्याला कॉम्प्युटर तो कशाला विचारेल?

"ताई, माझ्या खुर्चीत बसा."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? तिथं कुणीही चालतं. फक्त बसावं लागतं. डावीकडे डिस्कचं चित्र दिसतंय? त्यावर क्लिक करा."

"उघडली!" त्या ओरडल्या.

"हे बघ," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तू येईपर्यंत मी तिसरी घंटा देत नाही."

स्कूटरची किल्ली केव्हाच माझ्या हातात होती.