दोरा तुटला तेव्हा

केबलवाला वायर गुंडाळून जिना उतरला, तशी सून पदर खोचून सासूसमोर उभी राहिली. आता म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, हे ती धरूनच चालली होती.

नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास सासूचे कानही गेले. सकाळी डोळे उघडले की टीव्ही, तोही भिंती हादरतील असा. शेजारी दार ठोठावून गेले. नवरा ओरडून ओरडून थकला आणि शेवटी खाणाखुणांवर आला. खर्चाला कात्री लावायची वेळ आली तेव्हा सुनेनं आधी केबलच तोडली. एकटी सासूच तर बघायची! वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण डोक्याची कटकट गेली याचं बरं जास्त वाटत होतं.

सासू भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग तुझं शिलाई मशीन बाहेर आण. इथंच बसून शिवत जा."

म्हणजे आता माझ्यावर पहारा, सून मनात म्हणाली. तरी तिनं मशीन ओढत आणून खाटेशेजारी मांडलं. सासू भिंतीकडे तोंड करून पडून राही. मशीन थांबलं की लगेच विचारी, झालं का शिवून? पाठमोऱ्या बहिरीला हे कळतं कसं, असा प्रश्न सुनेला काही पडला नाही. कामाचा रगाडाच तेवढा होता.

एका दुपारी ती गिऱ्हाइकाचे जाड पडदे शिवत होती. भर वेगात दोरा तुटला. मशीन गप्प झालं आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी कण्हलं. पोटातून आलेलं, लांबलचक कण्हणं. तिनं वळून पाहिलं. सासू दोन्ही मुठी पोटात खुपसून मुटकुळं करून पडली होती. ओठ घट्ट मिटलेले.

तुटलेला दोरा हातात तसाच धरून सून खाटेपाशी गेली.

"कधीपासून?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"टीव्ही मोठा केला तेव्हापासून," सासू भिंतीकडे बघत म्हणाली.

जिन्यात चपला वाजल्या. त्या आधी सासूलाच ऐकू आल्या.

"तो आला. दोरा ओव लवकर, मशीन चालू कर."

सुनेनं हातातला दोरा खाली ठेवला आणि मशीनचा प्लगच उपसून काढला.